गुडघ्याला टेप लावून घेतलीय का कुणी? फरक, खाज, फोड, सगळे अनुभव लिहा

मृण्मयी_डोंबिवली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. माझा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून त्रास देतोय. सपाट चालताना फारसं नाही पण जिना उतरताना वाटीच्या मागे काहीतरी घासल्यासारखं दुखतं, आणि आमच्या स्टेशनचे जिने तुम्हाला माहितीच आहेत, मागून लोंढा येत असतो, मध्ये थांबायची सोयच नाही. मांडी घालून बसलं की उठताना कशाला तरी धरावं लागतं. ऑर्थोकडे जाऊन आले, एक्सरे ठीक आहे म्हणाले, झीज अगदी सुरुवातीची, वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जातेय म्हणे, फिजिओ करा. फिजिओने व्यायाम दिलेच पण त्याआधी एक पांढरी जाळीदार पट्टी आणि तिच्यावर खाकी रंगाची जाड चिकटपट्टी वाटीवरून आतल्या बाजूला ओढून लावली. उठून पायरी उतरून बघा म्हणाली तर दुखणं निम्म्यावर! मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

पण दुसऱ्या दिवसापासून पट्टीच्या कडेने खाज सुरू. काढली तर खाली लाल चट्टा, तो आता काळपट पडलाय. फिजिओ म्हणते कातडी शांत होऊ दे मग बघू. सासूबाई म्हणतात असल्या चिकटपट्ट्यांनी गुडघे बरे व्हायला लागले तर स्टेशनरीच्या दुकानात रांगा लागतील. तर कुणी लावलीय का, कितपत उपयोग झाला, खाजेचं काय केलंत, आणि ती खेळाडू लावतात ती निळी गुलाबी टेप असते तिने कमी खाजतं का?

रानभटक्या
सासूबाईंना दंडवत :)
मी निळीवाला. सिंहगड चढताना काही नाही, उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने टेप लावून दिली, राजगड नीट उतरलो. मग काय, ऑनलाइन रोल मागवला आणि व्हिडिओ बघून स्वतःच लावायला लागलो. जितकी ताणून लावू तितका सपोर्ट जास्त असं वाटायचं त्यामुळे पूर्ण खेचून लावायचो. एका ट्रेकनंतर काढली तर दोन्ही टोकांना पाण्याने भरलेले फोड. मला वाटलं ॲलर्जी. पण मधल्या भागात काहीच नव्हतं, फक्त टोकांनाच. हे काय असतं कुणी सांगेल का?

फिजिओताई
मी नाशिकला प्रॅक्टिस करते, हा प्रश्न रोजचा आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळलात तर सोडून द्या.

आधी हे की तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. मृण्मयीताईंची ती कडक टेप. अजिबात ताणली जात नाही, तिचं काम वाटीला एका बाजूला धरून ठेवणं. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या जेनी मॅककॉनेल या फिजिओने १९८० च्या दशकात मांडली. ती लावून व्यायाम करायचे, दिवसाची कामं करायची आणि शक्यतो रात्री काढून टाकायची. रानभटक्यांची ती लवचिक, सुती कापडाची, खाली ॲक्रिलिकचा डिंक, त्वचेच्या उबेने चिकटते. ती १९७० च्या दशकात जपानच्या केन्झो कासे यांनी काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसल्यावर जगभर झाली. ती तीन ते पाच दिवस राहते, अंघोळ चालते. आणि रंगाने काहीही फरक पडत नाही, निळी थंड लाल गरम असलं काही नसतं, पेशंट हमखास विचारतात.

रानभटक्या, तुमचे फोड ॲलर्जीचे वाटत नाहीत, ताणाचे आहेत. लवचिक टेपची दोन्ही टोकं, दोनेक बोटं तरी, अजिबात न ताणता नुसती ठेवायची असतात. तुम्ही टोकापर्यंत खेचलीत की टेप आखडायला बघते आणि टोकाची कातडी सोबत ओढते, वरचा थर सुटतो आणि मध्ये पाणी भरतं. जास्त ताण म्हणजे जास्त आधार हे या टेपच्या बाबतीत खरं नाही.

मृण्मयीताई, तुमच्या खाजेबद्दल एक विचारते, लाली पट्टीच्या आकारातच होती की पट्टीच्या बाहेर पसरली? आणि पट्टीखाली काही लावलं होतंत का, तेल, बाम, जेल?

मृण्मयी_डोंबिवली
अगं हो, लावलं होतं! म्हणजे पट्टीच्या खाली नाही, पण आदल्या रात्री दुखण्याचं जेल चोळलं होतं आणि सकाळी अंघोळ करून लगेच क्लिनिकला गेले. लाली पट्टीच्या आकारातच आहे, अगदी पट्टी लावून आखल्यासारखी. पण कडेला बारीक पुरळही आहे.

फिजिओताई
मग बहुतेक नुसती चुरचुर आहे, खरी ॲलर्जी नसावी, पण फोटोवरून किंवा इथे वाचून मी ठरवणार नाही, चट्टा जात नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. साधारण खूण अशी की डिंकाने, घामाने किंवा ओरबाडून काढल्याने झालेली चुरचुर पट्टीच्या आकारात राहते आणि पट्टी काढली की ओसरायला लागते. ॲलर्जी असेल तर दोनतीन दिवसांनी जोर धरते, पट्टीच्या बाहेर पसरते, पाणी सुटतं, आणि पुढच्या वेळी लावली की आणखी लवकर उठते. तशी असेल तर ती टेप कायमची बंद, "या वेळी थोडीच लावू" असं नाही.

खाकी टेपच्या बऱ्याच प्रकारांत डिंकामध्ये राळ असते, चीडाच्या झाडाची, व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. ती ॲलर्जीसाठी चांगलीच बदनाम आहे. म्हणून खाली ती पांढरी जाळीदार पट्टी घालतात, आणि खाकी पट्टी त्या पांढरीच्या बाहेर कुठेही कातडीला टेकता कामा नये. बघा तुमची कड बाहेर गेली होती का.

काळपट डागाबद्दल, आपल्या सावळ्या गव्हाळ कातडीवर लाली गेली तरी मागे डाग राहतो आणि तो जायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घाबरण्यासारखं नाही पण हे आधी कुणी सांगत नाही. लिंबू वगैरे चोळू नका, वाढेल.

निनाद_कुडाळ
माका तर पयल्याच दिवशी खाज इली :)
कबड्डी खेळतो. आमच्याकडे मे महिन्यात रोज संध्याकाळी मातीत खेळायचं म्हणजे घामाच्या धारा, त्यात टेप चिकटूनच राहात नाही. अर्धी सुटते, खाली माती जाते, मग ती घासत राहते आणि सगळं लाल. केस कापावे म्हणून सकाळी रेझर फिरवला आणि दुपारी टेप लावली तर प्रत्येक केसाच्या मुळाशी पुळी. कोकणातल्या माणसाने ही टेप लावूच नये या मताला मी आलोय.

फिजिओताई
निनाद, रेझर आणि टेप एकाच दिवशी नको. कात्रीने किंवा ट्रिमरने केस बारीक करायचे, किंवा दाढी केल्यासारखे करायचेच असतील तर एकदोन दिवस आधी. मॅचच्या तासभर आधी तरी लावायची, साबणाने धुतलेल्या कोरड्या कातडीवर, कोपरे कात्रीने गोल कापून, आणि लावल्यावर हाताने चोळून ऊब द्यायची. बाकी कोकणातल्या मे महिन्यावर माझ्याकडे उपाय नाही.

शंकासुर
सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. टेपने खरंच काही होतं का? कातडी उचलली जाते, रक्तप्रवाह वाढतो, लिम्फ (म्हणजे पेशींमध्ये साचणारं पाणी वाहून नेणारा द्रव) वाहतं, रोलच्या खोक्यावर हे सगळं छापलेलं असतं. ते समाधानकारक सिद्ध झालेलं नाही. वाटी खरंच जागची हलते का यावरही अभ्यासांचं एकमत नाही, आणि थोडा व्यायाम केला की टेप सैल पडतेच. म्हणजे शेदोनशे ते हजार रुपयांचा रोल घेऊन आपण नक्की काय चिकटवतोय?

यारा_काठची_माई
शंकासुर भाऊ, मी मेलबर्नला असते, गुडघ्याची झीज, वय साठीच्या पुढे. इकडे ती खाकी आणि पांढरी टेप केमिस्टकडे सहज मिळते, माझ्या फिजिओने मला स्वतः लावायला शिकवली. तिने मला इथल्याच एका अभ्यासाबद्दल सांगितलं म्हणून मी शोधून वाचला, २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलाय. गुडघ्याची झीज असलेली ८७ माणसं, तीन गट. एकाला नीट ओढून लावलेली टेप, दुसऱ्याला नुसतीच वरवर लावलेली, तिसऱ्याला काहीच नाही. तीन आठवड्यांनी पहिल्या गटात ७३ टक्के लोकांनी बरं वाटतंय सांगितलं, दुसऱ्यात ४९, तिसऱ्यात १०. आणि टेप काढल्यावरही पुढचे तीन आठवडे गुण टिकला होता. हे काहीच नाही असं कसं म्हणता?

शंकासुर
माई, त्याच आकड्यांतला मधला आकडा बघा. नुसतीच वरवर चिकटवलेली, काहीही न ओढणारी पट्टी, तरी जवळजवळ निम्म्यांना बरं वाटलं. म्हणजे कुणीतरी आपल्या गुडघ्याकडे लक्ष दिलं, हात लावला, काहीतरी चिकटवलं, यातच बराचसा गुण आहे. वरचा फरक टेपचा असेल, मी नाही म्हणत नाही. पण ८७ माणसं आणि तीन आठवडे. आणि २०१२ साली वाटीच्या दुखण्यासाठी टेपवरच्या चाचण्या एकत्र करून कोक्रेनवाल्यांनी (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा घेतला तर ठोस काही सांगता येईल एवढा पुरावाच सापडला नाही.

यारा_काठची_माई
असू दे की. मला जिना उतरता येतो, नातवाला पार्कात नेता येतं. कातडीचा त्रास झाला तर बंद करीन. पेनकिलर घेऊन पोट बिघडवण्यापेक्षा परवडलं.

फिजिओताई
दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच मी पेशंटला टेप ही "बरं करणारी" म्हणून कधीच विकत नाही. दुखतं म्हणून माणूस पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, तो बारीक झाला की आणखी दुखतं. टेपने दुखणं थोडं दबलं की त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा, तेवढंच तिचं काम. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी लवचिक टेपला सशर्त शिफारस आहे, व्यायामाला आणि वजन कमी करण्याला मात्र ठाम. आमच्याकडे उलटं चालतं, टेप लावून घ्यायला लोक वेळेवर येतात आणि स्ट्रेट लेग रेज (आडवं पडून पाय सरळ ठेवून वर उचलणं) केले का विचारलं की खिडकीबाहेर बघतात.

मृण्मयी_डोंबिवली
खिडकीबाहेर बघणाऱ्यांत मी आहे :D

आबा_फलटण
रामकृष्णहरी. आमच्या गावावरून पालखी जाते, मीही दरवर्षी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालतो. गुडघे कुरकुरतात पण माऊली नेतात. एका वर्षी मुलाने पुण्यातून निघताना टेप लावून दिली होती. पण वाटेत सेवेकरी मंडळी बसलेली असतात ती पाय तेलाने चोळून देतात, नको म्हणवत नाही, आणि तेल लागल्यावर टेप कसली राहते. दिवेघाट चढेपर्यंत तिची गुंडाळी होऊन लेंग्यात अडकली. वर पाऊस, ओला लेंगा, कातडी पांढरी पडून सोललेली. तेव्हापासून टेप नाही. रुईची पानं तेल लावून गरम करून बांधतो.

आमच्या आईच्या वेळी तर बिब्बा लावायचे. गुडघ्यावर बिब्ब्याचे फोड उठून जे काळे डाग पडले होते ते तिच्या शेवटापर्यंत होते. त्यापुढे तुमच्या खाजेचं काही वाटत नाही बघा.

निनाद_कुडाळ
आबा, बिब्बा आणि काजूच्या सालीचं तेल एकाच जातीचं, आंब्याचा चीकही त्यातलाच. आमच्याकडे काजू फॅक्टरीतल्या बायकांचे हात बघा. ज्याला एक उठतं त्याला बाकीचंही उठायची शक्यता. मग ज्याला चीक उठतो त्याला टेपही उठणार का?

फिजिओताई
नाही, तसा थेट संबंध नाही, टेपचा डिंक वेगळा. पण कातडी बिब्ब्याने, रुईच्या चिकाने किंवा गरम शेकाने आधीच भाजलेली असेल तर तिच्यावर टेप अजिबात नको. आबा, रुईची पानं बांधता ती जपून, पान तोडलेल्या जागचा पांढरा चीक कातडीला लागला तर भाजल्यासारखं होतं. हे आमच्याकडे दरवर्षी बघायला मिळतं, गुडघ्यावर हुबेहूब पानाचा ठसा.

सिस्टर_अनघा
ऑर्थो वॉर्डला बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते. लावण्याइतकंच काढताना नुकसान होतं. लोक एका झटक्यात फर्रकन ओढतात आणि मग ॲलर्जी झाली म्हणतात. वयस्कर माणसांची, किंवा बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांची कातडी कागदासारखी पातळ असते, टेपबरोबर अक्षरशः सोलून निघते. खोबरेल तेल कडेकडेने मुरवायचं, दहाएक मिनिटं थांबायचं, मग केसांच्या दिशेने, टेप वर न उचलता मागे गुंडाळत न्यायची आणि दुसऱ्या हाताने खालची कातडी दाबून धरायची. अंघोळीत काढली तर आणखी सोपं. काढल्यावर त्याच जागी लगेच नवी नको, एक दिवस तरी मोकळी ठेवा.

आणि दुखण्याचं जेल किंवा बाम लावून वर टेप, हे कुणीच करू नका प्लीज. झाकलं गेलं की औषध जास्त मुरतं, मिरचीवाला बाम असेल तर भाजतं. मृण्मयी तुझं ते जेल धुऊन गेलं असेल पण कातडी आधीच चिडलेली असणार.

वैशाली_क
माझे मिस्टर दर रविवारी क्रिकेट खेळतात, स्वतःला अजून पंचविशीतले समजतात. गुडघ्याला टेप कमी आणि ती चिकटणारी लवचिक बँडेजसारखी पट्टी जास्त, अशी गोल गोल गुंडाळून खेळले. घरी आले तर पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या आणि अंगठा वर उचलायला जड. मी घाबरले, हे म्हणतात झोपलाय पाय, होईल बरा. पट्टी काढल्यावर तासाभरात गेलं. हे टेपमुळे होऊ शकतं का की पाठीचं काही?

फिजिओताई
होऊ शकतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाताला एक हाडाचं टोक लागतं ना, त्याला वळसा घालून एक नस जाते आणि ती अगदी कातडीखाली असते. तीच पाऊल वर उचलायला लावते. त्यावर गोल आवळून पट्टी आली की मुंग्या येतात. म्हणून गुडघ्याभोवती पूर्ण वेढा घालायचा नाही, मागची खळगी मोकळी ठेवायची. मुंग्या, पाऊल गार पडणं, बोटं निळसर, काहीही वाटलं की घरी जायची वाट न बघता मैदानातच काढायची. काढूनही पाऊल उचलायला जड राहिलं असतं तर त्याच दिवशी डॉक्टर. परत असं झालं तर मिस्टरांना दाखवूनच घ्या, पाठीचंही बघतील.

रानभटक्या
वैशालीताई, मिस्टरांना आमच्या ग्रुपमध्ये पाठवा, आमच्यात सगळेच पंचविशीतले आहेत.

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे टोकं न ताणता लावून परवा सिंहगड केला. फोड नाहीत. दुखणं थोडं होतं पण उतरलो. मात्र खरा फरक कशाने पडला सांगू का, काठी घेतली आणि उड्या मारत उतरणं बंद केलं.

शंकासुर
हे मात्र टेपच्या खात्यात टाकू नका :)

प्रसाद_ना
वेगळा अनुभव लिहितो. बाबांचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर काही दिवसांनी पोटरी सुजली. ओळखीतल्या एकाने सांगितलं की सूज उतरवायला जाळीसारखी कापलेली टेप लावतात, मी लावून देतो. नशिबाने बहीण फार्मसीत आहे, तिने आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केलं तर शिरेत गुठळी. टेप लावून बसलो असतो तर दोनतीन दिवस "उतरतेय" म्हणत घालवले असते. टेपवर राग नाही, पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर आधी दवाखाना.

सिस्टर_अनघा
प्रसाद, बहिणीला माझा नमस्कार सांगा. आणि श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर फोनही करत बसू नका, सरळ इमर्जन्सी.

मृण्मयी_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. फिजिओशी बोलले. खाकी पट्टी खरंच पांढरीच्या बाहेर गेली होती, तिने फोटोत दाखवलं. आता दंडाच्या आतल्या बाजूला दोन्ही टेपचे छोटे तुकडे लावून दिलेत, कुठली उठते ते उद्या परवा बघायचं. दरम्यान वॉल स्क्वॉट (भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं) आणि स्टेप डाउन (एका पायावर हळू पायरी उतरणं) चालू आहेत, टेपशिवाय, दुखणार नाही इतकेच खाली जायचं असं सांगितलंय. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून मोजतात आणि एकही चुकवू देत नाहीत.

स्मिता_कोल्हापूर
आत्ताच धागा वाचला. माझ्या आईला डायबिटीस आहे, बरीच वर्षं, पावलांना बधिरपणाही आहे. गुडघे दोन्ही दुखतात. पार्लरवाल्या बाईंनी कुठलासा कोर्स केलाय, त्या घरी येऊन टेप लावतात म्हणे. लावू का?

फिजिओताई
स्मिताताई, पावलं बधिर आहेत म्हणजे टेप घट्ट झाली, खाली फोड आला तरी आईंना कळेलच असं नाही, आणि शुगर जास्त असेल तर छोटी जखमही लवकर भरत नाही. घरी येऊन कुणी लावणार असेल तर नको. आधी शुगर आणि पावलांची तपासणी करून घ्या, मग फिजिओकडे नेऊन विचारा. त्यांनी लावलीच तर रोज संध्याकाळी उजेडात कडा बघायच्या, आईंना विचारून नाही, स्वतः बघायच्या. नी कॅप आणि खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम यावरही बरंच भागतं. त्यांचं वय आणि वजन साधारण किती, आणि जिना चढावा लागतो का?

स्मिता_कोल्हापूर
वय ६८, वजन ८० च्या आसपास. घर तळमजल्यावर आहे पण देवघर वरच्या मजल्यावर, दिवसातून दोनदा चढतात आणि देवघर खाली आणायचं नाव काढलं की चिडतात.